वाम आणि सिक्लिड : कांचपेटींतील शेजार



विदर्भांतील ज्या घरांत नदीचा मासा शिजतो, तेथें वाम म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. आमच्या वाशीम जिल्ह्यांत मानोरा तालुक्यांतून अरुणावती वाहते व पुढें पैनगंगेस मिळते. अशा नद्यांच्या डोहांत, दगडांच्या कपारींत आणि झाडांच्या मुळ्यांत दिवसभर दडून बसणारा, सापासारखा लांब, पाठीवर सुट्या कांट्यांची रांग बाळगणारा हा मासा भोई-ढीवरांच्या चांगला परिचयाचा आहे. कोणी त्यास वाम म्हणतो, कोणी बाम. सिक्लिड हें नांव मात्र पुष्कळांस परकें वाटेल. तरीपण उजनीच्या जलाशयांतून बाजारांत येणारी चिलापी ज्यांनीं खाल्ली आहे, त्यांनीं सिक्लिडच खाल्लेला आहे. चिलापी म्हणजे आफ्रिकेंतील तिलापिया. तिची पहिली जात १९५२ सालीं भारतांत आणली गेली आणि पाहतां पाहतां कितीतरी तळीं व धरणें व्यापून बसली. कोंकण-गोव्याच्या खाड्यांतील कालुंदर तर आपल्या देशचाच सिक्लिड. म्हणजे ज्या दोन कुळांविषयीं आज बोलावयाचें आहे, तीं आपल्या चुलीला ओळखीचीं आहेत.

हींच कुळें आतां शोभेसाठीं दिवाणखान्यांत आलीं आहेत. अकोला, अमरावती, नागपूर येथील दुकानांत ऑस्कर, एंजल, फ्लॉवरहॉर्न हे सिक्लिड आणि पीकॉक ईल, फायर ईल, टायर ट्रॅक ईल अशा नांवांचे वाम शेजारशेजारच्या पेट्यांत ठेवलेले दिसतात. घेणारा गृहस्थ दोन्ही पाहतो, त्याला दोन्ही आवडतात, आणि तो एकच प्रश्न विचारतो : "हे एकत्र ठेवले तर भांडणार नाहींत ना?" दुकानदार सांगतो, "नाहीं भांडत." हें उत्तर पुष्कळदां खरें असतें. पण ज्या पेटींत एकदांही भांडण झालें नाहीं, त्याच पेटींतील वाम कांहीं महिन्यांनीं मेलेला सांपडतो. त्याच्या अंगावर ओरखडाही नसतो. तो उपासानें मेलेला असतो. भांडण डोळ्यांना दिसतें, उपास दिसत नाहीं. त्यामुळें सोबती निवडतांना सारा विचार भांडणाचा होतो आणि जेवणाचा राहून जातो. वाम आणि सिक्लिड यांचा संसार कोठें जमतो व कोठें मोडतो, हें समजण्यास दोघांचे स्वभाव थोडे खोलांत जाऊन पाहिले पाहिजेत.

प्रथम नांवाचा घोळ दूर करूं. दुकानांत ज्यास ईल म्हणतात तो खरा ईल नव्हे. खरा ईल आपल्याकडे अहीर या नांवानें ओळखला जातो. तो गोड्या पाण्यांत वाढतो आणि अंडीं घालण्यासाठीं नदी उतरून समुद्रांत जातो. युरोपांतील ईलांचें जन्मस्थान अटलांटिक महासागरांतील सारगासो समुद्र आहे, हें योहान्नेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञानें वर्षानुवर्षें समुद्र चाळून १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत जगापुढें मांडलें. आपला अहीरही तसाच सागरगामी आहे. पैनगंगेचें पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांतून बंगालच्या उपसागरास जातें. वाटेंत आज किती बांध व बंधारे आडवे आहेत याचा विचार केला म्हणजे या माशाच्या प्रवासाचें काय होत असेल तें ध्यानांत येईल. अशा प्राण्याला चार फुटांच्या कांचेंत कोंडणें मला रुचत नाहीं, आणि त्याचा विचार मी येथें करीत नाहीं. कोंकण किनाऱ्यावर ज्यास वाम म्हणतात तो मासा समुद्राचा. तोही आपल्या कामाचा नाहीं.

आपला नदीचा वाम निराळ्या कुळाचा आहे. लासेपेड या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८०० सालीं त्याचें वर्णन केलें. मॅस्टासेम्बेलस आर्मेटस हें त्याचें शास्त्रीय नांव. टायर ट्रॅक ईल म्हणून जो विकला जातो तो एकतर हाच, नाहींतर याचा आग्नेय आशियांतील जवळचा भाऊबंद. या सर्व कुळाची खूण म्हणजे पुढें आलेलें, सोंडेसारखें हलणारें नाक. त्या सोंडेच्या टोंकास दोन बाजूंस दोन नळ्या असतात, त्या त्याच्या नाकपुड्या होत. वामाचा व्यवहार मुख्यतः वासावर चालतो. दिवस मावळला कीं तो वाळूंतून डोकें काढतो, सोंड इकडेतिकडे फिरवितो आणि गांडुळें, किड्यांच्या अळ्या, झिंगे, एखादें लहानसें मासोळीचें पिलूं यांचा माग काढीत तळावरून सरपटत जातो. दिवसां तो वाळूंत पुरलेला असतो. दृष्टि त्याची अधू, चाल सावध, आणि स्वभाव, एवढा मोठा देह असूनही, भित्रा. त्याच्याशीं कोणी स्पर्धा करूं लागलें तर तो झगडत नाहीं, परत वाळूंत जातो. येथेंच त्याच्या उपासाचें मूळ आहे.

सिक्लिड नेमका याच्या उलट. या कुळांत सतराशेंहून अधिक जातींचें वर्णन झालेलें आहे आणि त्यांचे आकार व रंग मोजून संपणार नाहींत. तथापि बहुतेकांचा व्यवहार दिवसा-उजेडींचा व डोळ्यांचा. गंमत पाहा : इतर बहुतेक माशांस नाकाच्या दर बाजूला दोन छिद्रें असतात, सिक्लिडांस बहुधा एकेकच असतें. त्यांच्या घशांत जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या जबड्यानें पकडावें आणि मागच्यानें दळावें, अशी सोय असल्यामुळें ते अन्न झपाट्यानें उडवितात. शिवाय मालकाच्या पावलांची चाहूल त्यांस चटकन समजते. पेटीजवळ कोणी आलें कीं ऑस्कर कांचेशीं येऊन शेपूट हलवूं लागतो. म्हणूनच तो लोकांस फार आवडतो. पण हा सगळा चतुरपणा वामाच्या वांट्याच्या घांसावर चालतो. संध्याकाळीं सात वाजतां दिवा चालू असतां मूठभर खाद्य टाकलें, तर दोन मिनिटांत सिक्लिड तें संपवितात, आणि रात्रीं दहा वाजतां वाम बाहेर येतो तेव्हां तळावर कांहीं उरलेलें नसतें. वाम वाळलेलें दाणेदार खाद्य सहसा खातही नाहीं. मालकाला वाटतें, वाम लाजाळू आहे, दिसत नाहीं एवढेंच; खात असेल रात्रीं. तो खात नसतो.

तेव्हां पहिला नियम असा ठरतो कीं वामाचें जेवण वेगळें, वेगळ्या वेळीं व वेगळ्या जागीं झालें पाहिजे, आणि जे सोबती हें होऊं देत नाहींत ते सोबती नव्हेत. सिक्लिडांना उजेडीं पोटभर घालावें. मग दिवा मालवून तास-दीड तास जाऊं द्यावा. नंतर एक लांब कांचेची अगर प्लॅस्टिकची नळी वामाच्या दडणीच्या तोंडाशीं धरून तिच्यांतून गांडुळाचे तुकडे किंवा सोललेला झिंगा खालीं सोडावा. थोड्याच दिवसांत वामाला वेळ कळते. कांहीं वाम तर पुढें हातांतूनही खाऊं लागतात. आठवड्यांतून एकदां विजेरी घेऊन त्याचें शरीर पाहावें. डोक्याच्या मागची पाठ भरीव व गोलसर असेल तर ठीक. ती सुरीच्या पाठीसारखी उभट दिसूं लागली, तर इतर कोणतीही लक्षणें पाहत बसूं नये, त्याला निराळ्या पेटींत हलवून आधीं खाऊं घालावें.

गांडुळांविषयीं येथेंच एक सूचना देतों, कारण आमच्या भागांत ती फार महत्त्वाची आहे. मानोऱ्याच्या आसपास कपाशी, तूर व सोयाबीन यांचीं शेतें आहेत, आणि त्यांवर फवारणी होते. फवारलेल्या शेताच्या बांधावरून आणलेलें गांडूळ स्वतः जिवंत असलें, तरी त्याच्या पोटांतील माती पेटींत विष घेऊन येऊं शकते. गांडूळखताच्या खड्ड्यांतलीं, खात्रीचीं गांडुळें घ्यावीं, रात्रभर ओल्या कापडांत ठेवून त्यांचें पोट रिकामें होऊं द्यावें व मग धुऊन वापरावीं. नदीनाल्यांतून आणलेल्या जिवंत किड्यांबरोबर परोपजीवी जंतु येतात. तो मोह टाळलेला बरा.

जेवणानंतर येतो तोंडाचा प्रश्न. माशांच्या दुनियेंत जो तोंडांत मावतो तो सोबती राहत नाहीं, यांत वैर असें कांहीं नाहीं. बोटभर लांबीचा सुंदर पीकॉक ईल आणि त्याच्याच आकाराचीं ऑस्करचीं पिलें एकदम आणलीं, तर दोन महिने सारें गोड चालतें. परंतु ऑस्कर वर्षाच्या आंत वीस-पंचवीस सेंटिमीटर होतो, आणि मग एके दिवशीं तो त्या वामाला गिळूं पाहतो. वामाच्या पाठीचे कांटे अशा वेळीं उभे राहतात. घास घशांत अडकला तर खाणारा आणि खाल्ला जाणारा दोघेही जाण्याची भीति. उलट बाजूही तितकीच खरी आहे. मोठा वाम भित्रा असला तरी मांसाहारी आहे. निऑन टेट्रासारख्या बारीक मासोळ्या रात्रीं झोपेंत असतांना तो एकेक करून नाहींशा करतो, आणि घरांतील मंडळी मांजरावर संशय घेतात. म्हणून माशांची आजची लांबी पाहून निवड करणें व्यर्थ आहे. दोन वर्षांनंतरची लांबी विचारांत घ्यावी. नदींतला वाम मीटरभरास थोडा कमी एवढा वाढूं शकतो, पेटींत अर्ध्या मीटरपर्यंत तर सहज. फायर ईल मीटरभर होतो. पीकॉक ईल तीस सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. गंगेच्या खोऱ्यांतून हॅमिल्टननें १८२२ सालीं वर्णिलेला मॅक्रोग्नाथस पॅंकॅलस हा चिमुकला वाम वीतभराच्या पुढें फारसा जात नाहीं, आणि शहरांतील घरांस तोच सर्वांत सोयीचा.

भांडणाचा प्रश्न मीं मागें ठेवला, याचा अर्थ तो नाहीं असा नव्हे. सिक्लिड हे मोठे कुटुंबवत्सल मासे आहेत. जोडपें जमलें कीं तें एखादा दगड घासूनपुसून स्वच्छ करतें, त्यावर अंडीं घालतें, आणि दोघें मिळून पहारा करतात. पिलें पोहूं लागलीं तरी त्यांना घेऊन हिंडतात. त्या काळांत पेटींतील प्रत्येक प्राणी त्यांस दरोडेखोर वाटतो. वामाच्या बाबतींत तो संशय खराही असतो, कारण रात्रीं अंड्यांचा वास लागला कीं वाम तेथें जातोच. अंधारांत सिक्लिडाला नीट दिसत नाहीं, सकाळीं अंडीं नाहींशीं झालेलीं असतात, आणि मग दिवसभर वामाच्या बिळावर हल्ले सुरू होतात. कॉन्व्हिक्ट नांवाचा पट्टेरी सिक्लिड जेमतेम दहा-बारा सेंटिमीटरचा, पण त्याचें जोडपें चार फुटांची पेटी एकट्याच्या मालकीची समजतें. तेव्हां वाम ठेवावयाचा असेल तर ज्यांची जोडी जमून पिलें व्हावीं अशी इच्छा आहे, ते सिक्लिड त्या पेटींत नकोत. फ्लॉवरहॉर्न हा तर मलेशियांत १९९० नंतरच्या दशकांत संकरानें निर्माण केलेला मासा. तो भाग्य आणतो अशी समजूत पसरल्यानें त्याला मोठी किंमत येते. भाग्याचें मी सांगूं शकत नाहीं. शेजारी मात्र त्याला कोणीच चालत नाहीं, हें निश्चित. त्याला एकट्यालाच ठेवावें.

वामांचें आपसांतही फारसें जमत नाहीं. मोठ्या जातींचे दोन वाम एका पेटींत ठेवले म्हणजे बिळांवरून तंटा होतो. एक ठेवणें बरें. पीकॉक ईल व लहान वाम मात्र तीन-चार मिळून राहतात, किंबहुना तसे ठेवले म्हणजे ते अधिक धीट होतात.

आतां पाण्याकडे वळूं. आमच्याकडील विहिरींचें व बोअरचें पाणी काळ्या दगडांतून येतें आणि बहुधा जड असतें. याची परीक्षा करण्यास प्रयोगशाळा नको. उन्हाळ्याच्या शेवटीं कूलरच्या जाळीवर जो पांढरा क्षार चढतो तोच दाखला. असें जड व विम्ल पाणी आफ्रिकेंतील मलावी सरोवराच्या रंगीबेरंगी सिक्लिडांना मानवतें, म्हणून पुष्कळांचें मन त्यांच्याकडे जातें. शिवाय मलावी सरोवरांत वामाची एक जात राहते. टांगानिका सरोवरांत तर अनेक जाती आहेत, ज्या जगांत इतरत्र कोठेंही नाहींत. मग हे एकत्र ठेवण्यास हरकत कोणती? हरकत अन्नाची आहे. मलावीचे दगडांवर राहणारे सिक्लिड बहुतेक शेवाळ खरवडून खाणारे. त्यांचें आंतडें लांब असतें. गांडुळें आणि झिंगे यांचा मारा झाला कीं त्यांचीं पोटें फुगतात व ते मरतात. वामाला पाहिजे तें त्यांना विष आणि त्यांना पाहिजे तें वाम शिवत नाहीं. त्यांतून हे सिक्लिड दाटीवाटीनें ठेवण्याची रीत आहे, आणि दिवसभर चाललेल्या त्यांच्या पाठलागांत वामाला वाळूंतून नाक काढण्याची सोय राहत नाहीं. सरोवरांत दोघांमध्यें मैलोगणती किनारा असतो. पाणी जुळलें म्हणून शेजार जुळला, असें येथें होत नाहीं.

दुसऱ्या टोंकाला डिस्कस. तो मऊ, किंचित् आम्ल आणि उबदार पाण्यांतला. आमच्या जड पाण्यांत त्याला ठेवावयाचें तर पाणी गाळण्याच्या यंत्रावर रोज खर्च करावा लागेल. त्याचा नाद मानोऱ्यांत तरी सोडावा. एंजल मूळचा ॲमेझॉनचा, तथापि पिढ्यान्‌पिढ्या पेट्यांत वाढलेला असल्यानें मध्यम जड पाणी सोसतो. तो पाण्याच्या मधल्या थरांत राहतो, तळाला फारसा जात नाहीं, त्याचें तोंड लहान. दोन-तीन पीकॉक ईल व चार-पांच एंजल हा चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटीसाठीं मला सर्वांत निर्धास्त वाटणारा मेळ आहे. या पेटींत अडीचशें लिटर पाणी मावतें. सहा फूट लांब आणि दोन-दोन फूट रुंद व उंच अशी पेटी ज्यांना परवडते, त्यांनीं एक मोठा वाम आणि सेव्हेरम नांवाचे दोन-तीन शांत सिक्लिड ठेवून पाहावे. मात्र अशा पेटींत जवळजवळ सातशें किलो पाणी होतें, तें जुन्या माडीवर चढविण्यापूर्वीं गवंड्याला विचारावें.

आणि आपल्या देशच्या सिक्लिडांचें काय? भारतांतील मूळच्या जाती तीनच : कालुंदर, कानडा किनाऱ्याच्या नद्यांतील त्याचा एक भाऊ, आणि नारिंगी क्रोमाइड हा जेमतेम आठ सेंटिमीटरचा, केशरी अंगावर एक काळा ठिपका असलेला मासा. या नारिंगी माशाची आणि कालुंदराची एक हकीकत सोबत्यांच्या प्रश्नावर चांगला प्रकाश पाडते. वायमन व वॉर्ड या दोघां अभ्यासकांनीं १९७२ सालीं असें दाखविलें कीं नारिंगी क्रोमाइडचीं लहान पिलें कालुंदराच्या अंगावरील रोगट कण वेंचून खातात आणि कालुंदर त्यासाठीं स्थिर उभा राहतो. जणूं न्हाव्यापुढें बसावें तसा. पण हाच नारिंगी मासा संधि मिळतांच कालुंदराचीं अंडींही खातो. एकाच शेजाऱ्याचा उपकार आणि अपकार एकाच ठिकाणीं! माशांचे संबंध आपल्या मैत्री-वैराच्या कोष्टकांत बसत नाहींत, ते असे. व्यवहारापुरतें सांगावयाचें तर कालुंदर मोठा होतो व त्याला खाडीचें मचूळ पाणी अधिक मानवतें. नारिंगी क्रोमाइड मात्र जड पाणी आनंदानें सोसतो, आणि सहा-सात क्रोमाइडांबरोबर तीन लहान पॅंकॅलस वाम चार फुटांच्या पेटींत सुखानें नांदतात. क्रोमाइडांनीं अंडीं घातलीं तर तीं वाम खातील, हें गृहीत धरावें. दक्षिणेंतील नद्यांत सिक्लिड व वाम दोघेही आहेत, म्हणजे ही सोबत अगदींच कृत्रिम नाहीं; परदेशी ऑस्करच्या मागें लागण्यापूर्वीं या देशी माशांचा विचार लोक करीत नाहींत, याचें मला नवल वाटतें.

इतर सोबत्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. मधल्या व वरच्या थरांत झुंडीनें पोहणारे, वामाच्या तोंडांत न मावणारे मासे चालतात. तळावर बिळासाठीं भांडणारे नकोत. लाल शेपटीचा शार्क म्हणून जो विकतात तो, मोठ्या लोच जातीचे मासे, आणि आपल्या नद्यांतले मिशाळ शिंगाडे, हे सारे वामाच्याच जागेचे व वामाच्याच घांसाचे वांटेकरी होत.

बिळें जितकीं अधिक तितका तंटा कमी. विकतचे रंगीत किल्ले आणावयाचें कारण नाहीं. जुन्या घरावरचीं उतरविलेलीं कवेलू प्रत्येकाच्या परसांत पडलेलीं असतात. तीं धुऊन, कडा घासून उपडीं ठेवलीं कीं उत्तम गुहा होते. प्रत्येक वामास दोन कवेलू द्यावींत आणि तीं पेटीच्या निरनिराळ्या टोंकांस ठेवावींत. तळाला तीन बोटें जाड थर बारीक, गोल कणांच्या वाळूचा हवा. टोंकदार खडीनें वामाची नाजूक कातडी सोलते आणि त्या जखमा कुजतात; पुष्कळदां त्याचा दोष सिक्लिडाच्या दांतांवर येतो. वामाचे खवले अतिशय बारीक असल्यामुळें त्याला औषधेंही सोसत नाहींत. सिक्लिडांच्या अंगावर पांढरे ठिपके आले म्हणून तांब्याचें किंवा मालकाइट ग्रीनचें औषध सर्व पेटींत ओतलें, तर रोगी वांचतील आणि वाम जाईल. नवा मासा आणला कीं तीन-चार आठवडे वेगळ्या पेटींत ठेवण्याची शिस्त यासाठींच पाळावी.

उन्हाळा हा आमच्याकडचा खरा कसोटीचा काळ. बाहेर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर गेला कीं खोलींतील पेटीचें पाणीही तेहतीस-चौतीस अंशांपर्यंत चढतें. पाणी तापलें म्हणजे त्यांत प्राणवायु कमी विरघळतो : पंचवीस अंशांवर लिटरभर पाण्यांत आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर, पस्तीस अंशांवर सातच्या आसपास. त्याच वेळीं माशांना प्राणवायु अधिक लागतो. दुसरें संकट अमोनियाचें. माशांच्या मलमूत्रांतून तो पाण्यांत येतो, आणि त्याचा विषारी भाग पाण्याच्या विम्लतेबरोबर व उष्णतेबरोबर वाढतो. पंचवीस अंशांवर पी.एच. ७ असतां शंभरांत अर्ध्या-पाऊण भागाएवढा असणारा विषारी अमोनिया पी.एच. ८ वर पांच भागांच्या वर जातो. म्हणजे आमचें जड पाणी आणि आमचा वैशाख दोन्ही मिळून एकाच दिशेनें काम करतात. अमोनियाचें नायट्राइट व नायट्राइटाचें नायट्रेट करणारे उपयुक्त जंतु गाळणींत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी हिवाळ्यांत मांडावी, चैत्रांत नव्हे. उन्हाळ्यांत खाद्य थोडें कमी करावें, चौथाई पाणी दर आठवड्यास बदलावें, आणि नळाचें पाणी क्लोरिन काढल्याशिवाय घालूं नये.

पाण्यावरून पंख्याचा वारा सोडला तर बाष्पीभवनानें पाणी दोन-तीन अंश सहज उतरतें. परंतु येथें वाम आडवा येतो. तो पळण्यांत असा वस्ताद आहे कीं अंगठ्याएवढ्या फटींतूनही बाहेर पडतो आणि सकाळीं कपाटामागें कोरडा सांपडतो. त्यासाठीं पेटीला घट्ट झांकण पाहिजे, आणि वाऱ्यासाठीं तर तोंड उघडें पाहिजे. यावर सुताराकडून लांकडी चौकट करवून तिला बारीक नायलॉनची जाळी ठोकून घेणें हा साधा उपाय आहे. नळ्या व तारा जेथून आंत जातात त्या खाचा स्पंजानें बुजवाव्यात. वीज जाते तेव्हां बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा. वाम प्राणवायूच्या कमतरतेंत पुष्कळ वेळ तग धरतो.

मासे आणण्याचा क्रमही ठरलेला असावा. वाम आधीं आणावा, त्याला महिनाभर एकट्याला राहूं द्यावें, त्याचें बीळ व त्याची जेवणाची वेळ पक्की होऊं द्यावी. मग लहान वयाचे सिक्लिड सोडावे. उलट केलें तर जागेचे मालक आधींच ठरलेले असतात. वाम हलवितांना जाळें वापरूं नये. त्याचे कांटे जाळ्यांत गुंततात, सोडवितांना तो जखमी होतो व आपलाही हात रक्ताळतो. तो ज्या नळींत बसला असेल तिचीं दोन्ही तोंडें तळहातांनीं झांकून नळीसकट उचलावा.

इतकें करूनही एखादा शेजार जमत नाहीं. कांचेचा पडदा घालून पेटीचे दोन भाग करावे, किंवा दुकानदाराला मासा परत द्यावा, किंवा दुसऱ्या हौशी माणसास तो द्यावा. कित्येक दयाळू माणसें अशा वेळीं नको झालेला ऑस्कर अगर फायर ईल पिशवींत घालून धरणावर किंवा नदीवर नेतात आणि मोठें पुण्य केलें असें समजून पाण्यांत सोडतात. चिलापी एकदां जलाशयांत शिरली ती पुन्हां बाहेर काढतां आलेली नाहीं. अरुणावतीच्या डोहांतला वाम त्या पाहुण्याला कोणत्या बिळांत टाळणार? तेथें पडदा घालण्यास कांच नसते. मासा परत घेणारें कोणी आहे कीं नाहीं, याची चौकशी म्हणूनच तो विकत घेण्यापूर्वीं दुकानांत उभे असतांनाच करून ठेवावी, आणि नसेल तर त्या दिवशीं नुसतीं गांडुळें घेऊन घरीं यावें.